एक मरी, तीन निकाल

किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ दोन जुन्या ख्रिस्ती दफनभूमी आहेत. आशियातल्या व्यापारी वाटेवर वसलेल्या एका लहानशा समाजाच्या. थडग्यांवरचे लेख सिरियाक भाषेतले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच शिळांवर साल कोरलेलं आहे. सुमारे शंभर वर्षांच्या काळातल्या अशा ४६७ शिळांपैकी ११८ शिळा १३३८ आणि १३३९ या दोनच वर्षांतल्या निघाल्या. काहींवर मरणाचं कारणही दिलं आहे: मरी. या दफनभूमी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन संशोधकांनी उकरल्या होत्या. २०२२ साली तिथल्या सांगाड्यांच्या दातांची तपासणी झाली आणि त्यांत प्लेगच्या जंतूचे अंश सापडले. १३३९ नंतर पंधरा वर्षांच्या आत ज्या साथीने युरोपातली निदान एक तृतीयांश, अनेक भागांत निम्मी माणसं नेली, तिच्या अगदी सुरुवातीची ही खूण.

शाळेत इतिहासाच्या पेपरात ‘कारणे सांगा’ आणि ‘परिणाम लिहा’ असे दोन प्रश्न हमखास असायचे. चार कारणं, चार परिणाम पाठ केले की गुण मिळत. मध्ययुगाच्या जगाकडे बघताना ही सवय आड येते, असं मला वर्षानुवर्षांच्या वाचनानंतर ठामपणे वाटतं. कारण ही मरी एकच होती, जंतू एकच होता, पण तिचा निकाल इंग्लंडमध्ये एक लागला, पोलंडमध्ये दुसरा आणि इजिप्तमध्ये तिसराच. मरीने माणसं मारली, हा तिचा परिणाम. जगली-वाचली त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र मरीने ठरवलं नाही. जमीन कोणाच्या ताब्यात होती आणि कष्टकऱ्याला गाव सोडून जाता येत होतं की नाही, यावर ते ठरलं.

आधी ती आली कशी ते पाहू. तेराव्या शतकात चंगीझखान आणि त्याच्या वंशजांनी चीनपासून काळ्या समुद्रापर्यंतचा मुलूख जिंकला. १२५८ साली बगदाद पडलं, खिलाफत संपली. त्या संहाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण त्यानंतर एकाच घराण्याच्या छत्राखाली व्यापाराच्या वाटा निर्धोक झाल्या, हेही तितकंच खरं. रेशीम, मसाले, घोडे, गुलाम आणि धान्य या वाटांनी फिरू लागलं. काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियात काफा नावाचं बंदर जिनोआच्या व्यापाऱ्यांनी नावारूपाला आणलं. १३४३ मध्ये ताना या व्यापारी ठाण्यात इटालियन व्यापाऱ्यांमध्ये आणि स्थानिकांमध्ये मारामारी झाली, मोंगल खान जानी बेग चिडला, इटालियन व्यापाऱ्यांना त्याने हाकललं आणि काफाला वेढा घातला. त्याच्या सैन्यात मरी पसरली. मेलेल्यांची प्रेतं त्याने यंत्राने तटापलीकडे फेकली आणि म्हणून रोग शहरात शिरला, ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते. ती लिहून ठेवणारा गाब्रिएले दे मुस्सी मात्र त्या वेढ्यात नव्हता, इटलीतल्या पिआचेन्झा गावात होता. अलीकडचे संशोधक दुसरीकडे बोट दाखवतात. वेढ्याच्या आणि नाकेबंदीच्या काळात काळ्या समुद्रावरचा धान्याचा व्यापार थांबला होता. १३४७ मध्ये तह झाला, नाकेबंदी उठली आणि भुकेल्या इटलीकडे धान्याची जहाजं निघाली. धान्याबरोबर उंदीर आले, उंदरांबरोबर पिसवा. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण प्रेतं फेकण्यात एका खानाचं क्रौर्य आहे, पण धान्याच्या जहाजात सगळ्या काळाची रचना आहे.

भूक एकट्या इटलीची नव्हती, आणि नवीही नव्हती. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तर युरोपात हवामान बिघडलं होतं. १३१५ पासून सलग पाऊस, कुजलेली पिकं, १३१७ पर्यंतचा महादुष्काळ, त्यामागोमाग गुरांची साथ. लोकसंख्या तीन शतकं वाढत गेलेली, जमिनीचे तुकडे झालेले, मजुरी पडलेली. त्या माणसांच्या पोटात साठा नव्हता आणि घरातही नव्हता.

ऑक्टोबर १३४७ मध्ये जिनोआची गलबतं सिसिलीत मेसिनाला लागली. त्याच सुमारास अलेक्झांड्रियात मरी उतरली. १३४८ मध्ये फ्लॉरेन्स, आविन्यों, कैरो, दमास्कस, आणि उन्हाळ्यात इंग्लंडचा दक्षिण किनारा. १३५३ मध्ये मॉस्कोचा राजा सिमियन तिने गेला. काखेत, जांघेत गाठी आणि काही दिवसांत मृत्यू. सिएन्नातला आन्योलो दी तूरा आपल्या इतिवृत्तात नोंदवतो, की त्याने आपली पाच मुलं स्वतःच्या हाताने पुरली. त्या शहराने तेव्हा जगातलं सर्वांत मोठं कॅथेड्रल बांधायला घेतलं होतं. त्याची अर्धवट भिंत आजही उभी आहे. पुढचं सगळं विवेचन वाचताना आन्योलोचं हे वाक्य डोळ्यांपुढे ठेवावं, अशी माझी विनंती आहे. ‘मरीमुळे मजुरांचे दिवस पालटले’ असं आपण सहज लिहून जातो, तेव्हा त्या पाच खड्ड्यांवरून पाय ठेवून पुढे जात असतो.

या मरीचा एक साक्षीदार आपल्या मुलखात राहून गेलेला आहे. तांजियरचा इब्न बतूता महंमद तुघलकाच्या दरबारी काझी होता. चीनला निघालेल्या शिष्टमंडळाबरोबर तो दौलताबादेला आला आणि तिथल्या किल्ल्याविषयी, बाजाराविषयी, मराठ्यांविषयी त्याने लिहिलं. परतीच्या वाटेवर १३४८ च्या उन्हाळ्यात तो दमास्कसमध्ये होता. शहराने तीन दिवस उपास केला आणि मग मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आपापले धर्मग्रंथ घेऊन एकत्र, अनवाणी चालत गेले, असं तो सांगतो. घरी पोचण्याआधीच त्याची आई मरीने गेली होती. ट्युनिसमध्ये त्याच मरीने एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे आईवडील नेले. तो मुलगा म्हणजे इब्न खल्दून. राज्यं का उभी राहतात आणि का कोसळतात, याचा शोध त्याने पुढे जन्मभर घेतला.

दमास्कसची ती मिरवणूक एकीकडे, आणि दुसरीकडे स्ट्रासबर्ग. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी अफवा फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधून ऱ्हाईन नदीच्या काठाने पसरत गेली. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्ये फर्मान काढून सांगितलं, की ज्यूही याच रोगाने मरत आहेत, तेव्हा हा आरोप खोटा आहे. कोणी ऐकलं नाही. स्ट्रासबर्गच्या नगरसभेने ज्यूंना संरक्षण दिलं होतं. ती सभाच उलथवण्यात आली आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. त्यांच्याकडून घेतलेली कर्जं रद्द झाली. मरी त्या शहरात तोवर पोचलीही नव्हती. म्हणजे परिणाम कारणाच्या आधी येऊन ठेपला. हे हत्याकांड मरीने घडवलं असं कसं म्हणावं? मरीच्या बातमीने ते घडवलं, आणि कर्ज बुडवायला आतुर असलेल्यांनी. पळालेले अनेक ज्यू पूर्वेकडे पोलंडमध्ये गेले. तिथे त्यांना सनदी संरक्षण होतं आणि पुढची काही शतकं जगातला फार मोठा ज्यू समाज तिथेच वाढला.

आता निकालांकडे वळू. इंग्लंडचा निकाल सर्वांत तपशिलात सांगता येतो, कारण तिथले कागद टिकले. विंचेस्टरच्या बिशपच्या जमिनींचे हिशेब तेराव्या शतकाच्या आरंभापासून चर्मपत्रांवर आहेत. कोणतं कूळ मेलं, त्याच्या मरणापोटी जमीनदाराने कोणतं जनावर घेतलं, कोणतं शेत पडीक राहिलं, हे त्यांत वर्षवार सापडतं. मरीआधी इंग्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास असावी. १३७७ पर्यंत ती निम्म्यावर आली. बांधील कुळाला तिथे जमीनदाराच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, मुलीच्या लग्नापोटी पट्टी द्यावी लागे, जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. आता कापणीला माणसं मिळेनात. मजुरी वाढली. सरकारने लगोलग, जून १३४९ मध्येच, हुकूम काढला, की साठीच्या आतल्या भूमिहीन माणसाने जुन्याच मजुरीवर काम केलं पाहिजे. १३५१ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला आणि मजुरी १३४६ च्या पातळीवर बांधली. हजारो मजुरांना दंड झाले. पण शेजारच्या गावचा जमीनदार गुपचूप जास्त मजुरी द्यायला तयार होता. कधी रोख, कधी जेवण, कधी अंगरखा. कायदा केला सगळ्या जमीनदारांनी मिळून आणि मोडला प्रत्येकाने एकेकट्याने. मजूर रात्रीतून निघून जाई आणि पलीकडच्या गावात त्याला कोणी काही विचारत नसे.

तीस वर्षांनी डोईपट्टीवरून भडका उडाला. जून १३८१ मध्ये केंट आणि एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून गेले, वॉट टायलर त्यांच्या पुढे होता. त्यांनी कँटरबरीच्या आर्चबिशपचा शिरच्छेद केला आणि गावोगावी जमीनदारांच्या कचेरीतले कागद जाळले. आपली गुलामी कुठे लिहिलेली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चौदा वर्षांच्या राजा रिचर्डने वचनं दिली आणि टायलर मारला गेल्यावर ती मोडली. बंड हरलं. तरी पुढच्या शतकात बांधील कुळाची प्रथा हळूहळू विरून गेली, कारण माणसं कमीच होती आणि जमीनदारांची एकी टिकत नव्हती. नॉरफोकमधल्या सेजफर्ड या गावी कापणीच्या मजुरांना दिलेल्या जेवणाचे हिशेब आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस दोन पौंड भाकरीमागे मांसाचा जेमतेम तुकडा असे. १४२४ मध्ये तेवढ्याच भाकरीमागे पौंडभर मांस मिळू लागलं होतं. सगळ्या तत्त्वचर्चेपेक्षा हा एक हिशेब मला जास्त बोलका वाटतो. भाषेतही हेच दिसतं. मरीआधी तिथल्या शाळांत मुलांना लॅटिन फ्रेंचमधून शिकवत. १३८५ मध्ये जॉन ट्रेव्हिसा नोंदवतो, की पहिल्या मरीनंतर ही रीत बदलली आणि आता सगळीकडे इंग्रजीतून शिकवतात.

पोलंड आणि प्रशियाच्या मैदानात माणसं कमी पडली तेव्हा उलटं झालं. तिथली शहरं दुबळी, सरदार एकजुटीचे आणि राजा त्यांच्या हातातला. पुढे पश्चिमेकडून धान्याला मागणी आली, व्हिस्तुला नदीतून ग्दान्स्क बंदराकडे गहू आणि राय वाहू लागली, आणि मजुराची किंमत वाढवण्याऐवजी सरदारांनी त्याचे पाय बांधले. १४९६ च्या कायद्याने एका गावातून वर्षाला एकाच शेतकऱ्याला बाहेर जाण्याची मुभा उरली. १५२० मध्ये आठवड्यातून एक दिवस वेठ सक्तीची झाली आणि मग ते दिवस वाढतच गेले. युरोपच्या या दोन टोकांत असं अंतर का पडलं, यावर रॉबर्ट ब्रेनरने १९७६ मध्ये मोठा वाद उभा केला. केवळ लोकसंख्येच्या चढउतारावरून हे उलगडत नाही, वर्गांमधलं बळ पाहावं लागतं, हे त्याचं म्हणणं माझ्या मते मुळात बरोबर आहे.

इजिप्तची गोष्ट आपल्या शेतकरी वाचकाला चटकन कळेल. तेव्हा दरवर्षी नाईलचा पूर येई, पाणी बांधांनी अडवायचं, गाळ बसू द्यायचा, मग सोडायचं. यासाठी दरवर्षी कालव्यांतला गाळ काढावा लागे, बांध दुरुस्त करावे लागत, आणि त्याला हजारो हात लागत. मरीने ते हात नेले. इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलूक सरदारांना गावांचा महसूल नेमून दिलेला असे, पण ते राहत कैरोत, आणि गाव त्यांच्या मुलाबाळांना मिळत नसे. म्हणजे बांधाची काळजी कोणाला? उत्पन्न घटलं तसा त्यांनी उरलेल्या शेतकऱ्यांकडून जास्त वसूल करायला सुरुवात केली. शेतकरी कैरोकडे पळाले. बांध फुटले, कालवे बुजले, पाणी थांबेना. इंग्लंडमध्ये अर्ध्या माणसांनी अर्धी, तीही चांगली, जमीन कसली आणि त्यांचं पोट भरलं. इजिप्तमध्ये अर्ध्या माणसांना अर्धा बांध सांभाळता येत नव्हता. स्टुअर्ट बोर्श या इतिहासकाराने या दोन देशांची तुलना करून हे दाखवलं आहे. १५१७ मध्ये ऑटोमन फौजा कैरोत शिरल्या तेव्हा ते राज्य आतून आधीच पोखरलेलं होतं.

मरीमुळे प्रबोधनकाळ आला, छापखाना आला, अशीही मांडणी होते. त्यात तथ्याचे धागे आहेत, पण एवढा मोठा गड एवढ्या पातळ दोरावर चढवू नये. ज्याचा माग स्पष्ट लागतो ती गोष्ट लहान आहे: १३७७ मध्ये एड्रियाटिकच्या काठावरच्या रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, साथीच्या गावाहून आलेल्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसचे चाळीस झाले आणि ‘क्वारंटाईन’ हा शब्द त्या चाळीसातून आला.

तोच जंतू १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला उतरला. तो पहिल्यांदा ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. माणसं कोकणात आणि घाटावर पळाली, गिरण्या ओस पडल्या, आणि मालक नाक्यानाक्यावर मजुरांची बोली लावू लागले, रोजचा पगार रोज देऊ लागले. मरीनंतरच्या इंग्लंडमधल्या कापणीचंच ते दृश्य, साडेपाचशे वर्षांनी. पुण्यात ससाणे मळ्याजवळच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. गावोगाव उंदीर पडला की लोक माळावर झोपड्या बांधून राहायला जात, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेलं आहे.

इंग्लंडच्या मजुराला मरीनंतर किती मांस मिळालं हे आज सांगता येतं, कारण कोणीतरी ते चर्मपत्र जपलं. आपल्या प्लेगच्या सालांबद्दल असं किती सांगता येईल? घराच्या माळ्यावर, देवघराच्या पेटीत, कुलकर्ण्यांच्या दप्तरात त्या वर्षांतले हिशेब असतील: कोणतं शेत पडीक राहिलं, गड्याला किती दिलं, कोण गाव सोडून गेलं आणि परत आलं नाही. या दिवाळीत घराची साफसफाई करताना मोडी अक्षरातली अशी एखादी वही हाती लागली, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या इतिहास मंडळात किंवा अभिलेखागारात नेऊन द्या.