कार्बन डायऑक्साइडचा खतपरिणाम

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढल्यास वनस्पतींमधील प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो व त्यांची वाढ अधिक होते. या परिणामास कार्बन डायऑक्साइडचा खतपरिणाम असे म्हणतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे २८० रेणू होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ही संख्या सुमारे ३१५ होती. आता ती ४२० च्या वर गेली आहे. हाच वायू पृथ्वीची उष्णता अडवून तापमानही वाढवत असल्याने 'खत' हा शब्द काहीसा फसवा आहे.

कार्यपद्धती

पानांतील रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड बांधून घेते. मात्र ते ऑक्सिजनशीही संयोग पावते आणि त्यात वनस्पतीची ऊर्जा वाया जाते. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर हा अपव्यय घटतो. शिवाय पर्णरंध्रे कमी उघडली तरी भागते, त्यामुळे पाण्याची बचत होते.

हा लाभ सर्व पिकांना सारखा मिळत नाही. भात, गहू, कापूस, सोयाबीन व तूर या सी-३ गटातील पिकांना तो अधिक मिळतो. ज्वारी, बाजरी, मका व ऊस ही सी-४ पिके रुबिस्कोभोवती हा वायू मुळातच साठवून घेतात. त्यांना फायदा होतो तो मुख्यतः पाण्याच्या टंचाईत. महाराष्ट्रात शेजारशेजारच्या शेतांत उभ्या असणाऱ्या कापूस आणि ज्वारी यांचा प्रतिसादही म्हणूनच वेगळा असतो.

मर्यादा

बंदिस्त कक्षांतील सुरुवातीच्या प्रयोगांत वाढ मोठी दिसली होती. पुढे उघड्या शेतांत व जंगलांत नळ्यांच्या वर्तुळातून वायू सोडून प्रयोग झाले, तेव्हा ती कमी भरली. अमेरिकेतील ओक रिज येथील स्वीटगम वृक्षांच्या लागवडीत सुरुवातीला वाढ सुमारे २४ टक्के अधिक होती. २००८ पर्यंत हा फरक सुमारे ९ टक्क्यांवर आला, कारण जमिनीतील उपलब्ध नायट्रोजन अपुरा पडला. ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या प्रौढ जंगलात फॉस्फरसची उणीव आड आली. झाडांनी जादा कार्बन घेतला खरा, पण त्यातील बराचसा श्वसनाद्वारे हवेत परत गेला.

धान्याच्या कसावर होणारा परिणाम अधिक चिंताजनक आहे. हवेतील प्रमाण सुमारे ५५० असताना पिकवलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के आणि प्रथिने ६ टक्के कमी आढळली. तांदळातील प्रथिने सुमारे ८ टक्क्यांनी घटली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ताटात भात किंवा पोळीखेरीज फारसे काही नसते, त्यांच्या दृष्टीने पिकाचे वाढलेले वजन ही घट भरून काढत नाही.

हवामानाशी संबंध

मानवी उत्सर्जनापैकी सुमारे ३० टक्के कार्बन डायऑक्साइड भूभागावरील वनस्पती व माती शोषून घेतात. उपग्रहांच्या नोंदींत १९८० च्या दशकापासून पृथ्वीवरील हिरवाई वाढलेली दिसते आणि त्यात खतपरिणामाचा वाटा मोठा मानला जातो. तथापि तापमानवाढ हा लाभ अंशतः हिरावून घेते. भात फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास परागीभवन बिघडून दाणे पोचट राहतात. पर्णरंध्रे कमी उघडल्याने पानांतून होणारे बाष्पोत्सर्जनही घटते. त्यामुळे पाणी वाचते, पण पाने आणि भोवतालची जमीन अधिक तापते.