चढाने दिलेला प्लँकचा स्थिरांक

‘मुलगा दहावीत आहे. दोन बिंदूंवरून रेषेचा चढ झटपट काढतो, पण त्याचा उपयोग काय, ते मला सांगता येत नाही,’ असं एका वाचकाने कळवलं आहे. उत्तर म्हणून मला भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकनचा प्रयोग आठवतो.

धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलेलं त्याचं गणित खरं असेल, तर प्रकाशाची वारंवारता आडव्या अक्षावर आणि इलेक्ट्रॉन थोपवणारं विभवांतर उभ्या अक्षावर मांडल्यावर सरळ रेषा यायला हवी. धातू कुठलाही असो, चढ तोच. शिकागोतल्या मिलिकनला हे मुळीच पटत नव्हतं, म्हणून त्याने ते सोडियमवर तपासून पाहिलं. हवेने सोडियमचा पृष्ठभाग लगेच खराब होतो, म्हणून त्याने निर्वात काचपात्राच्या आतच सुरी बसवली आणि बाहेरच्या विद्युतचुंबकाने ती फिरवून धातू तासला. केवढी ही चिकाटी!

तरीही उपकरणातल्या धातूंच्या जोडणीमुळे प्रत्येक विभवांतरात ठरावीक चूक मिसळत होती. चढाचं मोठेपण इथे दिसतं. तीच चप्पल घालून मुलाची उंची दोनदा मोजली, तर दोन्ही आकडे चुकतील, पण वाढ बरोबर येईल. वजाबाकीत सामाईक चूक उडून जाते.

पाऱ्याच्या दिव्यातला हिरवा प्रकाश आणि अतिनील प्रकाश घ्या. वारंवारतांतला फरक 6.34 गुणिले 10 चा 14वा घात हर्ट्‌झ, विभवांतरातला 2.62 व्होल्ट. दुसऱ्या फरकाला पहिल्याने भागलं की चढ मिळतो आणि त्याला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणलं की प्रकाशाची वारंवारता आणि ऊर्जा यांना जोडणारा प्लँकचा स्थिरांक हातात येतो. (हा प्रभारही मिलिकननेच तेलाच्या थेंबांवरून मोजला होता. त्यात हार्वे फ्लेचर या विद्यार्थ्याचा वाटा मोठा. त्याचं नाव मागे पडलं, हा अन्यायच.) अर्थात कोणत्याही दोन बिंदूंतून रेषा जातेच, खरी परीक्षा तिसऱ्या बिंदूपासून. मिलिकनचे बाकीचे बिंदूही त्याच रेषेवर बसले.

1916 मधल्या निबंधात त्याने छापलेलं या स्थिरांकाचं मूल्य आजच्या मूल्यापासून एक टक्काही दूर नाही. आइन्स्टाइनच्या गणितामागची प्रकाशकणांची कल्पना त्याने त्या निबंधातही नाकारली, पण आलेला चढ जसाच्या तसा छापला. हा प्रामाणिकपणा मला नोबेलइतकाच मोठा वाटतो.

वाचकहो, लाल, हिरवा आणि निळा एलईडी, सोबत रोधक आणि मल्टिमीटर घ्या. कोणता किती व्होल्टला उजळू लागतो, ते त्याच्या प्रकाशाच्या वारंवारतेसमोर मुलाला आलेखावर मांडू द्या. स्थिरांक ढोबळ येईल, पण येईल.