वारा उत्तम, यंत्रे जुनी

तामिळनाडूच्या दक्षिण टोकाला आरलवायमोळी खिंडीतून सुटणारा नैऋत्य मोसमी वारा देशातील उत्कृष्ट वाऱ्यांत गणला जातो. त्याच्या तोंडावर, मुप्पंदल परिसरात, २२५-२५० किलोवॉटच्या जुन्या पवनचक्क्या अद्याप फिरत आहेत. आजचे एक यंत्र ३ मेगावॉटचे असते आणि त्याचा मनोरा १२० मीटरच्या वर जातो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने उंचीवरचा थोडा अधिक वेगही मोठा फरक पाडतो. थोडक्यात, सर्वांत चांगली जागा सर्वांत दुबळ्या यंत्रांनी अडवली आहे.

याचे मूळ करसवलतीत आहे. १९९०च्या दशकात वेगवान घसाऱ्याचा लाभ घेण्यासाठी कोइमतूर-तिरुपूरच्या गिरणीमालकांनी ही यंत्रे घेतली. ती किती वीज देतात यापेक्षा मार्चअखेरीपूर्वी उभी राहतात की नाही, याची चिंता अधिक होती! त्यांचा खर्च केव्हाच वसूल झाला असल्याने, नवे कर्ज काढून ती बदलण्याची घाई मालकांना नाही.

केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये 'रिपॉवरिंग'चे धोरण आणले. त्याला प्रतिसाद नगण्य मिळाला. डिसेंबर २०२३ च्या सुधारित धोरणात पात्रता १ मेगावॉटपर्यंतच्या यंत्रांवरून २ मेगावॉटहून कमी क्षमतेच्या यंत्रांपर्यंत वाढवण्यात आली. या मार्गाने उभी राहू शकणारी क्षमता सुमारे २५,४०० मेगावॉट असल्याचा अंदाजही त्यात आहे.

आराखडा आखताना खरी अडचण येते ती मालकीची. मोठ्या पात्यांच्या दोन यंत्रांत काहीशे मीटर अंतर लागते. म्हणजे एका नव्या यंत्रासाठी आसपासची अनेक जुनी काढावी लागणार, आणि त्यांचे मालक, जमिनी, वीजकरार सारेच निरनिराळे. त्यांना एकत्र आणणाऱ्या मध्यस्थाची तरतूद नव्या धोरणात आहे. पण वीज समवर्ती सूचीत, जमीन राज्यांकडे आणि वितरण कंपन्याही बहुतांशी राज्यांच्याच. पावसाळ्यातील जादा वीज ग्रीडला देऊन इतर महिन्यांत परत घेण्याची 'बँकिंग' सवलत मालकांना प्राणप्रिय, तर वितरण कंपनीला ती डोईजड वाटते. तामिळनाडूने २०२४ मध्ये स्वतःचे धोरण काढले, तेव्हा मालकांचा आक्षेप याच सवलतीवरून होता.

महाराष्ट्रातही हा प्रश्न आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर ३५० किलोवॉटच्या यंत्रांची रांग आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००३च्या आदेशानुसार झालेले १३ वर्षांचे वीजखरेदी करार केव्हाच संपले. चक्क्यांची संख्या घटली तर पठार मोकळे होईल, हे खरे. तथापि साठ-सत्तर मीटरची पाती आणि अवजड क्रेन घाटरस्त्याने वर न्यायच्या, तर वळणे रुंद करावी लागतील. २०१० मध्ये घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तेथून जवळच आहे. त्यामुळे आराखड्याची फाइल ऊर्जा विभागातून वन विभागाच्या टेबलावर जाणे अटळ आहे.