आपण कोठें उभे आहों?

लातूरच्या गंजगोलाईंत सोळा रस्ते येऊन मिळतात. नवख्या माणसानें गोलाईला एक वळसा घातला, म्हणजे आपण कोणत्या रस्त्याच्या तोंडाशीं आहों हें त्यास उमगेनासें होतें. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून काम करणाऱ्या घरोघरच्या मुलामुलींची अवस्था कांहीं निराळी नसते.

युनिक्स व लिनक्स या प्रणालींत आज्ञा घेणाऱ्या कार्यक्रमास ‘शेल’ म्हणतात, आणि आज्ञेची वाट पाहत असतां तो जें चिन्ह दाखवितो त्यास ‘प्रॉम्प्ट’. १९७९ सालच्या बोर्न शेलमध्यें तें चिन्ह म्हणजे नुसता एक डॉलर असे. आपण कोणत्या डिरेक्टरींत, म्हणजे फोल्डरांत आहों, हें जाणण्यास ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा द्यावी लागे. (वडीलधाऱ्यांस येथें बांधकाम खातें आठवेल, त्याचा कांहीं संबंध नाहीं.)

न विचारतां पुढें जाण्याचा धोका मोठा आहे. ‘आरएम’ ही पुसण्याची आज्ञा तारकाचिन्हासह दिली, कीं ज्या फोल्डरांत आपण असूं तेथील फाइली जातात. त्या कचऱ्याच्या टोपलींतहि सांपडत नाहींत. वर्षभराचा प्रकल्प असा गेला, म्हणजे सगळें घर सुतक पाळतें.

उपाय एका ओळीचा आहे. १९८९ सालीं आलेल्या बॅश शेलमध्यें प्रॉम्प्टचा मजकूर ‘पीएस१’ या नांवाखालीं असतो. त्यापुढें बरोबरचें चिन्ह जोडून लिहावें, आणि एकेरी अवतरणांत उलटी तिरपी रेघ, तिला लागून लहान डब्ल्यू, मग डॉलर व एक मोकळी जागा ठेवावी. प्रॉम्प्ट संपूर्ण वाट दाखवूं लागतो. मोठा डब्ल्यू घातल्यास शेवटचें नांवच दिसतें. परंतु ‘नोट्स’ नांवाचे दोन फोल्डर असले तर तें फसवील, म्हणून आम्हांस लहानच पसंत.

कांहीं जण दुहेरी अवतरणांत डॉलरसह पीडब्ल्यूडी लिहितात. ती जागा लिहितेवेळीं एकदांच भरली जाते. पुढें फोल्डर बदलला तरी जुनेंच नांव दिसत राहतें. मुक्या प्रॉम्प्टापेक्षां हा खोटा प्रॉम्प्ट अधिक घातक!

ही ओळ घरच्या डिरेक्टरींतील ‘.बॅशआरसी’ फाइलींत घातली, म्हणजे प्रत्येक नव्या खिडकींत लागू होते. मॅकवर २०१९ पासून झी शेल असतो. तेथें टक्क्याचें चिन्ह व नागमोडी रेघ लिहावी. ज्यांस हें ऐकत शिकावयाचें आहे, त्यांच्यासाठीं मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठींतहि आहेत.