लेचर काउंटीच्या मुलांचे कॅमेरे

सप्टेंबर १९६७. अमेरिकेत केंटकी राज्याच्या पूर्व टोकाला, लेचर काउंटीतल्या जेरेमाया या खेड्यात, कॅनडाचे चित्रपटकार ह्यू ओ'कॉनर एका खाणकामगाराचे चित्रण करत होते. कोळशाने माखलेला तो माणूस भाड्याच्या घराच्या ओसरीवर बसला होता. तेवढ्यात घरमालक होबर्ट आयसन पिस्तूल घेऊन आला आणि त्याच्या गोळीने ओ'कॉनर गेले. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढे आयसनने गुन्हा कबूल केला, पण प्रत्यक्ष तुरुंगात तो जेमतेम वर्षभर राहिला. आसपासच्या बऱ्याच लोकांना त्याच्याबद्दल सहानुभूती होती.

या हत्येचे समर्थन होऊ शकत नाही. लोकांच्या मनातली चीड मात्र समजण्यासारखी होती. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले आणि पूर्व केंटकी ज्यात येते त्या ॲपलेशियाच्या डोंगरांत पत्रकारांची रीघ लागली. मोडकी घरे, अनवाणी पोरे, खंगलेले चेहरे: देशभर हेच दिसले. इथला कोळसा बाहेर गेला, त्याचा नफाही बाहेर गेला आणि डोंगरातल्या माणसांच्या वाट्याला कीव आली.

याच काउंटीच्या व्हाइट्सबर्ग गावात १९६९ मध्ये स्थानिक तरुणांना सिनेमा शिकवणारी एक कार्यशाळा सुरू झाली. पैसा त्या सरकारी मोहिमेचाच होता. पुढे तरुणांनी संस्था स्वतःच्या हातात घेतली आणि ती ‘ॲपलशॉप’ म्हणून नावारूपाला आली. डुकरे कापण्याची रीत, बँजोवादक, सुईणी, खाणकामगारांचे लढे हे त्यांचे विषय. आपल्या माणसांकडे काय काय आहे, ते त्यांना दाखवायचे होते.

१९७०च्या दशकाच्या मध्याला वेंडी इवॉल्ड ही तरुण छायाचित्रकार लेचर काउंटीत राहायला आली आणि तिथल्या छोट्या शाळांमध्ये फोटोग्राफी शिकवू लागली. कॅमेरा फुकट वाटायचा नाही, हा तिचा नियम. मुलांनी दहा डॉलर देऊन साधा इन्स्टामॅटिक विकत घ्यायचा, म्हणजे तो खरोखर त्यांचा होईल. फिल्म धुणे आणि प्रिंट काढणे मुलेच शाळेतल्या डार्करूममध्ये करत. तिने दिलेले विषय चार: स्वतः, कुटुंब, जनावरे आणि स्वप्ने.

स्वप्नांच्या विषयात तर कमालच झाली. एका मुलीने भावांना परग्रहावरचे प्राणी बनवले. एका मुलाला जिवलग मित्राला आपणच मारल्याचे स्वप्न पडले होते. त्याने मित्राला झाडाच्या फांद्यांत निपचित पडायला लावले आणि फोटो काढला. तो पाहताना अंगावर काटा येतो. बाहेरून आलेल्या कोणत्याही छायाचित्रकाराला हे चित्र सुचले नसते, आणि सुचले असते तरी त्या पोराने त्याच्यासाठी असे अंग टाकले नसते. घरचे लोक कॅमेऱ्याकडे बघतात तेही तसेच, बिनधास्त. कारण समोर आपलेच मूल आहे. गरिबी या फोटोंतही आहे, लपवलेली नाही. पण आजोबा, कोंबड्या, डोंगरउतार आणि पोरांचा व्रात्यपणा यांच्यापुढे ती मागे सरते.

‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ या नावाने हे काम १९८५ मध्ये पुस्तकरूपात आले. फोटोंखाली मुलांची नावे आहेत, सोबत त्यांचेच बोल आहेत. इवॉल्डने पुढे गुजरातेतल्या एका खेड्यातल्या मुलांच्या हातीही कॅमेरे दिले.

ॲपलशॉपने १९८८ मध्ये तरुणांसाठी वेगळा विभाग काढला. उन्हाळ्यात मुलांना मानधन मिळते आणि ती आपल्याच गावांवर माहितीपट करतात. २०२२च्या जुलैमध्ये केंटकी नदीच्या उत्तर शाखेला महापूर आला आणि संस्थेच्या इमारतीत पाणी शिरले. अर्धशतकाच्या फिती, निगेटिव्ह, फोटो चिखलात गेले. ते बाहेर काढून धुण्याचे, वाचवण्याचे किचकट काम लगोलग सुरू झाले.

‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ची नवी आवृत्ती २०२० मध्ये निघाली, आणि मोठ्या झालेल्या त्या विद्यार्थ्यांना पुन्हा भेटणारा त्याच नावाचा माहितीपटही त्याच वर्षी आला. आपल्या शाळेत, वस्तीत मुलांसाठी फोटोग्राफीचा वर्ग घेऊ पाहणाऱ्यांनी कॅमेरे जमवण्याआधी ते पुस्तक मिळवावे आणि पहिल्याच तासाला मुलांच्या हातात द्यावे.