निनावी भागांची ओळख

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या आमच्या विज्ञानशिक्षकांच्या कपाटात मोडक्या रेडिओंतून काढलेल्या सुट्या भागांचा एक पत्र्याचा डबा असे. बडोद्याच्या या शाळेत मी अकरावीत असताना, अंगावरची अक्षरे पुसली गेलेले ते भाग ओळखून त्यांना चिठ्ठ्या लावण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपविले. हाताशी साधन एकच, काट्याचा मल्टिमीटर. त्या कामात जे शिकलो आणि जी चूक केली, ते दोन्ही आज आपल्यापुढे मांडतो.

भाग प्रथम मंडलातून सोडवून घ्यावा. शेजारच्या भागांतून वाहणारा प्रवाह खोटी साक्ष देतो. कपॅसिटरमधील विद्युत्भार आधी रोधकातून उतरवावा. मग मीटरची टोके एकदा सरळ व एकदा उलट लावून पाहावे. दोन्ही वेळा तोच रोध दिसला, तर बहुधा रोधक. रोध जवळजवळ शून्य असेल, तर वेटोळे किंवा फ्यूज. काटा उसळून सावकाश मागे परतला, तर मोठ्या धारितेचा कपॅसिटर. एकाच दिशेने वहन झाले, तर डायोड. डिजिटल मीटरवर सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवितो, जर्मेनियमचा ०.२ ते ०.३.

तीन पायांच्या भागात सहा जोडण्या तपासाव्या लागतात. ज्या पायावर एक टोक कायम ठेवले असता उरलेल्या दोन्ही पायांशी वहन होते, तो ट्रान्झिस्टरचा बेस. बेसवर धन टोक असताना वहन झाले, तर एन-पी-एन; ऋण टोक असताना झाले, तर पी-एन-पी.

येथेच मी घसरलो. डिजिटल मीटरचे लाल टोक धन असते. पण काट्याच्या मीटरवर रोध मोजताना आतल्या बॅटरीचे धन टोक बहुधा काळ्या तारेकडे येते. हे न जाणता मी डबाभर एन-पी-एन ट्रान्झिस्टरांना पी-एन-पी अशा चिठ्ठ्या लावल्या. विज्ञान प्रदर्शनासाठी एका विद्यार्थ्याने त्यांतून जोडलेला ध्वनिवर्धक मुका राहिला. आपलीच जोडणी चुकली असे समजून तो रात्रभर सांधे उकलीत बसला.

सर रागावले नाहीत. कॅथोडच्या टोकाला पट्टी असलेला एक नवा डायोड त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "आधी मीटरला ओळख." तेव्हापासून कोणताही परका मीटर मी आधी ओळखीच्या डायोडवर लावून पाहतो.

तरीही मीटर सर्व काही सांगत नाही. त्याचा दाब थोडा असल्याने बहुतेक झेनर त्याला साधे डायोड वाटतात. मॉसफेटलाही तीनच पाय असतात, पण वर सांगितलेली बेसची खूण त्यात सापडत नाही. अशा भागांसाठी सरांनी डब्यात 'अनोळखी' असा वेगळा कप्पा करविला. चुकीच्या चिठ्ठीपेक्षा तो कप्पा त्यांना अधिक मोलाचा वाटे.

ध्वनिवर्धक जोडणारा तो मित्र ही पुस्तिका वाचीत असेल, तर त्याने एवढे जाणावे: त्या रात्री त्याची जोडणी बरोबर होती. चिठ्ठी माझी चुकली होती.