गॅसबत्तीच्या जाळीतली वाळू

रात्रीच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. त्या बत्तीतली जाळी, म्हणजे मेंटल, एकदा पेटली की नुसते बोट लागले तरी गळून पडायची. तिचा पांढराशुभ्र उजेड थोरियमचा. हे थोरियम ज्या मोनाझाइटमधून काढतात, ते केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडते. वाळू म्हणा, नाहीतर आपला उसुकु!

१९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसले. मेंटलचा धंदा तेव्हा जर्मनांच्या हाती होता. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिशांनी त्यांना तिथून दूर केले. पुढे विजेचे दिवे आले, पण त्यामुळे वाळूचे मोल काही उतरले नाही. थोरियमपासून अणुइंधन करता येते, हे एव्हाना कळले होते. जून १९४७ मध्ये त्रावणकोरच्या दिवाणांनी, सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी, स्वतंत्र राहण्याची घोषणा केली. तेव्हा मोनाझाइटबद्दल ब्रिटनशी त्यांची बोलणीही चालू होती. दोन महिन्यांच्या आत संस्थान भारतात आले.

१९५१ मध्ये देशात अन्नटंचाई होती. अमेरिकेकडे गहू मागितला, तर तिथल्या काही संसद सदस्यांनी बदल्यात मोनाझाइट मागितले. नेहरूंनी नकार दिला. धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज शेवटी मिळाले, वाळू मात्र गेली नाही. पोटाला चिमटा असताना हे सोपे नव्हते.

आज त्याच वाळूतल्या निओडिमियमला भाव आहे. विजेवरच्या गाड्यांच्या मोटारीतले चुंबक त्याचे करतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा काही धातूंवर आणि चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले, तेव्हा आपले मोटार कारखानेही अडचणीत आले. अणुऊर्जा विभागाच्या अंदाजाने आपल्याकडे १ कोटी ३० लाख टनांच्या आसपास मोनाझाइट आहे. पण वाळूतून शुद्ध धातू आणि धातूतून चुंबक करण्याचे कसब चीनने मोठ्या प्रमाणावर कमावले, आपण तिथे मागे राहिलो.

आणि किनाऱ्यावरची माणसे? कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाडचे कोळी २०१९ मध्ये आंदोलनाला बसले होते. वाळू उपसून उपसून समुद्र आमच्या दारात आला, असे त्यांचे म्हणणे. २००४ च्या त्सुनामीत याच गावाची फार माणसे गेली होती.